चार रंगांची गाठ

खट्ट!

भंगाराच्या खोक्यात आणखी एक पेन जाऊन आदळलं आणि मिरचीचा पोहायला जायचा बेत अर्ध्यावरच राहिला.

"मावशी! अगं, चांगलं पेन होतं ते!"

"चांगलं नव्हतं," मावशी म्हणाली. तिने लाकूड कातायचं लेथ बंद केलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि डाव्या हाताने उजवं मनगट चोळलं. "मी पानं घेते. आणि ते खोकं कुणी उपसायचं नाही."

असं बजावून सांगितलं की मुलं खोकं उपसत नाहीत, असं फक्त मोठ्यांनाच वाटतं. मावशीची पाठ वळते न वळते तोच तिघंही खोक्यावर तुटून पडली.

तिघं म्हणजे कोण, ते आधी सांगून टाकतो. मिरची तेरा वर्षांची. तिला मिरची का म्हणतात, ते तिच्याशी एकदा भांडलं की कळतं. शंकासुर तिचा धाकटा भाऊ. त्याला आईने "ये" म्हटलं तरी तो "का?" विचारतो आणि "जा" म्हटलं तरी "का?"च विचारतो. ही दोघं सुट्टीत मावशीकडे आली होती. तिसरा बोका. हा शेजारच्या चौकटकाकांचा मुलगा. चौकटकाकांचं तसबिरींच्या चौकटी करायचं दुकान मावशीच्या कामाच्या खोलीला अगदी भिंतीला भिंत लागून होतं आणि मधल्या दाराला कडी क्वचितच लागायची. खाणं आणि झोपणं या दोन कलांमध्ये बोका पारंगत होता. तिसरी कला शिकायची त्याला घाई नव्हती.

"यात वाईट काय आहे?" बोक्याने एक पेन उचललं. काळपट लाकडाचं गुळगुळीत पेन, मधोमध फिक्या लाकडाच्या बारीक रेघा एकमेकींत गुंफलेल्या. "मला तर आवडलं बुवा!"

शंकासुराने काचेच्या कपाटातलं एक जुनं पेन आणून त्याच्या शेजारी धरलं. तिघंही वाकून बघायला लागली. जुन्या पेनावर चार वेढे एकमेकांच्या वरून-खालून असे गेले होते, की सुरुवात कुठली आणि शेवट कुठला, ते कळू नये. नव्या पेनावर वेढे होते चारच, पण दोन वेढे किंचित घसरलेले. थोडंसंच. पण एकदा दिसलं की दुसरं काही दिसेचना.

"खोक्यातली सगळी तशीच आहेत," शंकासुर म्हणाला. "का?"

"कारण मावशीचा हात मोडला होता, शहाण्या!" मिरची म्हणाली. पण या वेळी तिच्या आवाजात तिखटपणा नव्हता.

थंडीत मावशी सायकलवरून पडली होती. मनगटाचं हाड मोडलं, प्लास्टर घातलं, प्लास्टर निघालं, डॉक्टरांनी "झकास!" म्हटलं. आणि तेव्हापासून मावशीच्या पेनावरची ही वेढ्यांची गाठ एकदाही जुळली नव्हती.

जेवताना मावशीने बातमी सांगितली. भाजी वाढता वाढता सांगितली, म्हणजे कुणी फार प्रश्न विचारू नयेत.

"रविवारी एक गृहस्थ टेम्पो घेऊन येणार आहेत. टेबलांचे पाय करतात ते. लेथ त्यांना देऊन टाकतेय."

"काय?" मिरचीचा घास हातातच राहिला. "मग तू काय करणार?"

"झोपा काढीन. तुमच्या बोक्याकडून शिकून घेईन."

कुणीच हसलं नाही. स्वतः मावशीसुद्धा नाही. लग्नाआधीपासून ती त्या लेथवर काम करत होती. गाठीचं पेन करणारी त्या गावात ती एकटीच होती आणि तिला त्याचा गर्वही होता. आता तिला त्या खोलीत जायचीच लाज वाटायला लागली होती, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्यात मधल्या दारातून चौकटकाका आले. मोठ्या मनाचा माणूस! आवाजही तेवढाच मोठा.

"ताई, मी ऐकलं हो लेथचं. वाईट वाटलं. पण मी सांगतो, हाड जुळलं तरी हात काही पहिल्यासारखा होत नाही. माझ्या मामांचंच बघा ना..."

मामांची गोष्ट बरीच लांबली. मावशी मान डोलवत राहिली.

शंकासुराने मात्र मामा संपेपर्यंत वाट पाहिली आणि मग तोंड उघडलं. "मावशी, गाठ करतात कशी?"

"आता कशाला ते?"

"सांग ना! लेथ गेल्यावर कोण दाखवणार?"

हे मावशीला पटलं. ती त्यांना खोलीत घेऊन गेली.

"ही बघा लाकडाची चौकोनी कांडी. मशीनच्या करवतीवर हिला तिरका काप द्यायचा. पण आरपार नाही हं! शेवटी थोडं लाकूड शिल्लक ठेवायचं. त्या कापात ही पातळ पट्टी सरस लावून बसवायची आणि शिकंज्यात आवळून वाळू द्यायची. नीट वाळली, की कांडी फिरवायची आणि दुसऱ्या बाजूला तसाच काप, तशीच पट्टी. असं चारही बाजूंना. मग लेथवर कांडी गोल कातली, की सरळ पट्ट्यांचे वेढे होतात आणि गाठ दिसते."

"आणि चारही काप एकाच जागी कसे येतात?"

"तेच तर सगळं आहे. हा ठोकळा बघ." करवतीच्या सरकत्या फळीवर एक छोटा ठोकळा नटाने आवळून बसवला होता. त्याच्या कडेशी पेन्सिलची रेघ होती. "कांडी याला टेकवायची आणि कापायचं. ठोकळा जागचा हलत नाही. हलतो तो माझा हात."

"कुठल्या कापाला हलतो? पहिल्या की शेवटच्या?"

मावशी थबकली. "ते कसं कळणार? बाजूंवर मी पेन्सिलने नंबर घालते, पण कातताना ते ढलप्यांबरोबर उडून जातात. पट्ट्या सगळ्या एकाच रंगाच्या. शेवटी एवढंच कळतं, की बिघडलंय." आणि तिने दिवा मालवला.

संध्याकाळी तिघं तलावावर पोहायला गेली. बोका पाण्यावर पाठ टेकून चक्क डुलकी काढत होता. शंकासुराने बुडी मारली आणि बराच वेळ वर आलाच नाही. मिरची हाक मारणार, एवढ्यात तो फुस्सकन वर उसळला.

"रंग!"

"कसला रंग? नाक पूस आधी!"

"चार पट्ट्या, चार रंग! पहिल्या कापात लाल, दुसऱ्यात पिवळी, मग हिरवी, मग काळी. कातल्यावर जो रंग जागेवर नसेल, तो काप चुकला! पेनच सांगेल!"

मिरचीने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. भावाचं कौतुक करणं तिच्या स्वभावात बसत नव्हतं. "अधूनमधून डोकं चालतं तुझं," ती म्हणाली. याहून मोठं बक्षीस तिच्याकडून कधीच कुणाला मिळालं नव्हतं.

मावशीला राजी करणं हे मिरचीचं काम. ती आधी गोड बोलली, मग रुसली, मग पुन्हा गोड बोलली. "जाता जाता एकच गं मावशी! चार रंगांचं! आमची आठवण म्हणून!" मावशी म्हणाली, "बिघडेल ते." मिरची म्हणाली, "बिघडू दे! तुझं बिघडलेलंही हवंय आम्हाला." यावर मावशी उठली. रंगवलेल्या पट्ट्यांचा डबा तिने स्वतःच काढला.

दुसरा दिवस त्यात गेला. सकाळी चहा झाल्यावर लाल. ती वाळल्यावर जेवणाआधी पिवळी. जेवण झालं, मावशीने पाठ टेकली आणि उठल्यावर हिरवी बसवली. काळी बसेपर्यंत दिवस कलला होता. मुलांना करवतीपासून चार हात लांब उभं राहायची सक्त ताकीद होती. तिथून ती डोळ्यांत तेल घालून बघत होती. मावशीचा हात काही हलताना दिसला नाही. पण मावशीचा चेहरा मात्र प्रत्येक कापाला परीक्षेला बसल्यासारखा व्हायचा.

शनिवारी सकाळी लेथ सुरू झालं. ढलप्या उडाल्या, कांडी गोल झाली. मावशीने काचकागद फिरवला, कापडाने पुसलं आणि ते पेन शंकासुराच्या हातात दिलं.

"घसरलंय," ती म्हणाली. "म्हटलं होतं ना मी." आणि ती आत निघून गेली.

तिघांची डोकी पेनावर एकमेकांना आपटली.

"लाल आणि पिवळी बरोब्बर जुळल्यात!" मिरची ओरडली.

"हिरवी घसरलीय," बोका म्हणाला. "आणि काळीसुद्धा."

"पण हिरवी आणि काळी एकमेकींशी जुळतात!" शंकासुर नाचायलाच लागला. "हात हलत असता तर चारही चार दिशांना गेल्या असत्या ना? इथे दोन-दोनच्या जोड्या झाल्यात! लाल-पिवळी एका घरच्या, हिरवी-काळी दुसऱ्या घरच्या. म्हणजे मधेच काहीतरी हललं!"

"मधे म्हणजे पिवळीच्या नंतर आणि हिरवीच्या आधी," मिरची म्हणाली. "म्हणजे दुपारी. मावशी झोपली होती तेव्हा. आणि आपण?"

"आपण पुढच्या खोलीत पत्ते खेळत होतो," बोका म्हणाला. "आणि तू माझी राणी चोरलीस."

"चोरली नाही, जिंकली! म्हणजे दुपारी इथे कुणीतरी आलं आणि त्याने ठोकळा हलवला! कोण आलं असेल?"

शंकासुर तोवर करवतीखाली शिरला होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या नाकावर भुसा होता आणि बोटांत लाकडाचा इवलासा तिकोनी तुकडा. त्याची एक कड सोनेरी होती.

"मावशी सोनेरी काही वापरते?"

"छे!" मिरची म्हणाली. "सोनेरी कुठून येणार इथे? बोक्या, तुला काय वाटतं?"

बोक्याला काही वाटत नव्हतं. म्हणजे तो तसं म्हणाला. "मी घरी जातो, भूक लागलीय," असंही म्हणाला आणि मधल्या दाराने न जाता बाहेरून, लांबच्या वाटेने गेला.

मिरची त्याच्यामागे गेली. बोका दुकानाच्या पायरीवर बसला होता. हातात बिस्किटाचा पुडा होता आणि तो फोडलेला नव्हता. असं याआधी कधी झालं नव्हतं.

"ते सोनेरी आमचं आहे," बोका म्हणाला. "चौकटीच्या पट्टीचा कोपरा आहे तो. चौकटीचे कोपरे तिरकेच कापतात. बाबा रोज दुपारी 'आलोच' म्हणून पट्ट्या घेऊन जातात. मला वाटायचं, गिऱ्हाईकाकडे जात असतील."

मिरची त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

"सांगितलं, तर बाबांना सगळ्यांसमोर खाली बघावं लागेल," बोका म्हणाला. "नाही सांगितलं, तर उद्या टेम्पो येईल."

"तू नको सांगूस. आम्ही सांगतो."

बोक्याने खूप विचार केला. मग पुडा खिशात टाकला आणि उठला. "नाही. माझे बाबा आहेत. मीच बोलतो. फक्त तुम्ही बरोबर या."

दुपारी मावशी आडवी झाल्यावर मधलं दार हळूच उघडलं. काखेत सोनेरी पट्ट्या मारून, चवड्यांवर चालत चौकटकाका आत आले. त्यांनी ठोकळ्याचा नट सैल केला, ठोकळा सरकवला, पट्टी टेकवली आणि बटणाकडे हात नेला.

"बाबा!"

काका असे दचकले की पट्ट्या खाली खळखळल्या. लाकडांच्या ढिगामागून तिघं उभी राहिली. आवाजाने मावशीही धावत आली.

"भाऊ? तुम्ही इथे?"

"म्हणजे काय!" काका गोंधळले, पण क्षणभरच. "ताई, तुम्हीच म्हणाला होतात! तुमचा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा. माझी करवत बिघडली, तर तुम्ही म्हणालात, 'माझी नुसती पडून आहे, खुशाल वापरा.' मी वापरतोय! तुमची झोपमोड नको म्हणून बटण दाबायच्या आधी दारसुद्धा लावून घेतो!"

मावशीने कपाळाला हात लावला. "म्हटलं होतं खरं. पण ते प्लास्टर होतं तेव्हा! तुम्ही अजून येता, हे मला कुठे ठाऊक?"

"तुम्ही नको कुठे म्हणालात? फळी आयती तिरकी लावलेली, चौकटीचा कोपरा झटक्यात निघतो. फक्त ठोकळा तेवढा सरकवावा लागतो."

"आणि त्याने मावशीची गाठ बिघडते!" शंकासुर ओरडला.

"काहीतरीच काय! मी ठोकळा पुन्हा जागच्या जागी ठेवतो! ही रेघ आहे ना पेन्सिलची? बरोब्बर तिच्यावर! आमचा हात बसलेला आहे, बाळा. मी काय नवशिका आहे?"

काका खरंच रागावले होते. आणि खोटंही बोलत नव्हते. मावशीसुद्धा म्हणाली, "नाही रे, भाऊ काम नीट करतात. माझंच मनगट..."

"बाबा, पैज!" बोका म्हणाला. त्याचा आवाज थोडा चिरकला, पण तो थांबला नाही. "तुम्ही ठोकळा रेघेवर लावा. एक काडी कापा. मग ठोकळा काढा, पुन्हा रेघेवर लावा, दुसरी कापा. मग तिसरी. तिन्ही सारख्या आल्या, तर मी उन्हाळाभर दुकान झाडीन."

"लाव! आणि झाडायची सवय कर!"

काकांनी बाह्या सरसावल्या. ठोकळा लावला, कापलं. काढला, लावला, कापलं. पुन्हा तसंच. प्रत्येक वेळी वाकून, एक डोळा मिटून, रेघेशी नाक नेऊन. याहून जास्त काळजी कुणी घेऊच शकलं नसतं. मग त्यांनी तिन्ही काड्या ऐटीत टेबलावर शेजारी शेजारी उभ्या केल्या.

"बघा! सारख्या!"

"वरून नख फिरवा, बाबा."

काकांनी नख फिरवलं. पहिल्या काडीवरून दुसरीवर जाताना ते अडकलं. दुसरीवरून तिसरीवर जाताना टक्कन खाली उतरलं. त्यांनी पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच.

"असं कसं?" ते पुटपुटले. "मी रेघेवरच ठेवला होता."

शंकासुराने रेघेवर बोट ठेवलं. "रेघच जाड आहे, काका. एकदा तुम्ही अलीकडच्या कडेला ठेवता, एकदा पलीकडच्या. तुम्ही चौकटीचे चारही तुकडे एका दमात कापता, म्हणून तुमचं काही अडत नाही. मावशीचे दोन काप तुमच्या आधी होतात आणि दोन नंतर."

त्याने चार रंगांचं पेन पुढे केलं आणि सगळं सांगितलं. काकांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग पार उतरला.

"ताई," ते शेवटी म्हणाले, "आणि वर मी तुम्हाला माझ्या मामांची गोष्ट ऐकवत होतो!"

मावशी त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती आपल्या मनगटाकडे बघत होती. तिने ते एकदा आत वळवलं, एकदा बाहेर वळवलं. मग खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली.

"अगं, आता काय झालं?" मिरची घाबरली.

"काही नाही गं! रात्र रात्र झोप नव्हती मला. वाटायचं, सगळं संपलं. आणि ही पेन्सिलची रेघ निघाली!" ती रडता रडता हसली आणि मग एकदम उठली. "चला, बाजूला व्हा! भाऊ, नवा ठोकळा करून आणा, तुमच्यापुरता वेगळा. माझ्या ठोकळ्याला हात लावलात, तर बघा!"

"आत्ता आणतो!" काका पळालेच.

त्या दुपारी ठोकळा नव्याने आवळला गेला. पट्टी बसत होती, वाळत होती, पुन्हा काप पडत होता. नटापाशी बोका स्टूल टाकून राखणीला बसला होता. त्याने डुलकीसुद्धा काढली नाही. चौथी पट्टी शिकंज्यात रात्रभर राहिली.

रविवारी टेम्पो आला, तेव्हा मावशी लेथवर होती. टेबलांचे पाय करणारे गृहस्थ दोर घेऊन दारात उभे राहिले. मावशीने मान वर केली नाही. पटाशी कांडीवरून हळूहळू सरकत होती. गृहस्थही लाकूडकाम करणारे. चालू कामात कुणाला हाक मारू नये, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

लेथ थांबलं. मावशीने पेन पुसलं आणि उजेडात धरून सावकाश फिरवलं. पूर्ण एक फेरा. मग दुसरा. मग मुलांकडे दिलं. मिरचीने बघितलं, शंकासुराने बघितलं, बोक्याने नख फिरवून बघितलं. चार वेढे एकमेकांत असे गेले होते, की कुठून सुरू झाले ते शोधून सापडेना.

"शाबास रे पोरांनो!" काका दारातून गरजले. मग बोक्याजवळ येऊन जरा हळू म्हणाले, "पैज हरलो मी. भर खोलीत बापाला चूक दाखवायला छाती लागते. ती तुझ्याकडे आहे, हे मला आजवर ठाऊक नव्हतं." बोका कानांपर्यंत लाल झाला आणि त्याने खिशातून बिस्किटाचा पुडा काढला. काय करावं ते न सुचल्यामुळे त्याने पहिलं बिस्किट बाबांनाच दिलं.

"शंका काढणारी पोरं घरात असावीत," मावशी म्हणाली. "आणि भांडणारीसुद्धा. मी एवढी वर्षं काम करतेय, पण ठोकळ्यावर शंका घ्यायचं माझ्या डोक्यात आलं नाही. स्वतःवर घेतली."

गृहस्थांनी घसा खाकरला. हातातल्या दोराचं काय करावं, ते त्यांना कळत नव्हतं.

"बाई, लेथ न्यायला आलो होतो. तुमचा हात बरा नाही, असं कळलं होतं मला."

मावशी वळली. उजवा हात तिने एप्रनला पुसला आणि त्यांच्यासमोर धरला, सरळ, बोटं पसरून. थंडीपासून कुणी चौकशी केली, की ती "होईल हळूहळू" एवढंच म्हणायची.

"बरा आहे," ती म्हणाली. "माझा हात चांगला बरा आहे. लेथ द्यायचं नाही."